हा आकडा सॉफ्टवेअर देत नाही

"दोन वक्र काढले, त्यांच्याखालचा सामाईक भाग मोजला, उत्तर आलं ०.८२. यात मत कुठून आलं? हे तर क्षेत्रफळ आहे!"

कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वन्यप्राण्यांच्या वेळा अभ्यासणाऱ्या मंडळींत हे उत्तर इतकं रुळलं आहे, की त्यावर हरकत घेणाराच विज्ञानाचा विरोधक ठरतो. तोंडी परीक्षेत विद्यार्थी हे बोलून सुटतो, मार्गदर्शक मान डोलावतात, आणि बातमीत पोचेपर्यंत त्या ०.८२ चं 'वाघ आणि बिबट्या ८२ टक्के वेळ एकत्र' असं होऊन जातं. सॉफ्टवेअरने दिलंय म्हटल्यावर वाद संपला, अशी एकूण समजूत.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हा आकडा वाघाबद्दल काही सांगण्याआधी तो काढणाऱ्या माणसाने घेतलेल्या चार-पाच निर्णयांबद्दल सांगतो. ते निर्णय सोबत छापलेले नसतील, तर आकडा छापण्याच्या लायकीचा नाही.

आधी ज्यांच्याशी भांडतो आहे त्यांचं खरं आहे तेवढं मान्य करतो. सामाईक क्षेत्रफळ ही मुळात चांगली कल्पना आहे. दोन घनता वक्र घ्यायचे, प्रत्येकाखालचं एकूण क्षेत्रफळ एक. प्रत्येक जागी दोघांपैकी जो खाली असेल त्याची उंची घ्यायची आणि त्या उंचींखालचं क्षेत्रफळ काढायचं. शून्य आलं तर काहीच सामाईक नाही, एक आलं तर दोन्ही वक्र तंतोतंत सारखे. अमेरिकेतल्या गोऱ्या आणि काळ्या कुटुंबांच्या उत्पन्नाची तुलना करताना मरे वाइट्झमन यांनी १९७० मध्ये हे माप वापरलं, आणि १९८९ मध्ये इनमन आणि ब्रॅडली यांनी त्याचं गणित नीट मांडलं. नुसत्या सरासरीच्या फरकावर आणि 'पी' मूल्यावर नाचणाऱ्यांपेक्षा हे माप कितीतरी प्रामाणिक आहे. दोन गटांच्या सरासरीत प्रमाण विचलनाच्या पाचव्या हिश्शाइतका फरक असला आणि नमुना पुरेसा मोठा असला, तर 'पी' हवा तितका लहान येतो; सामाईक क्षेत्रफळ मात्र ०.९२ येतं आणि सांगतं, अहो, हे दोन गट जवळपास एकच आहेत. तेव्हा भांडण या मापाशी नाही. ते मापायला माणूस लागत नाही, या दाव्याशी आहे.

'क्षेत्रफळ आहे' म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न: कशाखालचं क्षेत्रफळ?

कॅमेऱ्याने वक्र काढलेला नसतो. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले; त्यांतल्या एकाही फोटोवर वक्र नाही. असते ती वेळ. पहाटे ५.४२, रात्री ११.०७, असे सुटे ठिपके. त्या ठिपक्यांतून सलग रेषा तयार होते ती गुळगुळीतपणा किती ठेवायचा हे कुणीतरी ठरवल्यावर. प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक छोटी टेकडी ठेवली जाते आणि सगळ्या टेकड्यांची बेरीज म्हणजे वक्र. टेकडी किती पसरट ठेवायची, त्या मापाला बँडविड्थ म्हणतात. ती वाढवली की वक्र सपाट होत जातो आणि शेजारच्या वक्रावर सांडू लागतो.

किती सांडतो ते पाहा. समजा, एक प्राणी सरासरी सकाळी ८ वाजता फिरतो आणि दुसरा दुपारी १२ वाजता. दोघांच्याही वेळा प्रसामान्य वाटपाच्या, प्रमाण विचलन एक तास. खरं सामाईक क्षेत्रफळ येतं ०.०४६. आता प्रत्येकाचे ३२ फोटो घ्या आणि आर या सॉफ्टवेअरची मूळ (डिफॉल्ट) बँडविड्थ तशीच राहू द्या. ती साधारण २७ मिनिटं निघते, आणि गुळगुळीत केलेल्या वक्रांचं सामाईक क्षेत्रफळ सरासरीने ०.०६८ च्या आसपास जातं. चित्र जरा सुबक दिसावं म्हणून कुणी बँडविड्थ एक तास केली, की तेच ०.१५७. प्राणी तेच, फोटो तेच, आकडा मूळच्या तिपटीहून जास्त. आता सांगा, यातलं कुठलं क्षेत्रफळ मताशिवायचं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "म्हणून तर आम्ही डिफॉल्टला हात लावत नाही. सगळे तेच वापरतात, त्यामुळे तुलना होते." हे उत्तर मला सर्वांत जास्त खटकतं, कारण त्यात आळसाला शिस्तीचं नाव दिलेलं आहे. एक तर हा डिफॉल्ट म्हणजे ठरलेली संख्या नव्हे. ते सूत्र आहे: प्रमाण विचलन किंवा चतुर्थकांतरावरून काढलेला प्रसार, दोघांतलं जे लहान असेल त्याला ०.९ ने गुणायचं आणि फोटोंच्या संख्येच्या पाचव्या मुळाने भागायचं. म्हणजे ३२ फोटोंच्या दुर्मीळ प्राण्याला जी बँडविड्थ मिळेल, तिच्या निम्मी १,०२४ फोटोंच्या रानडुकराला मिळेल, दोघांच्या सवयी सारख्या असल्या तरी. सगळे एकच मोजपट्टी वापरतात ही समजूत इथेच संपते. दुसरं असं, की खुद्द आरच्या मदतपानावर लिहिलेलं आहे, की हा डिफॉल्ट जुन्या वापराशी मेळ राहावा म्हणून ठेवला आहे, सर्वसाधारण शिफारस म्हणून नाही; आणि बँडविड्थ ठरवायला शेदर व जोन्स यांची पद्धत सुचवलेली आहे. सॉफ्टवेअर लिहिणारे स्वतः हात वर करून मोकळे झालेत, आणि आपण त्यांच्या नावाने शपथा घेतोय.

त्या सूत्राची खरी फजिती होते ती पहाटे आणि संध्याकाळी अशा दोनदा फिरणाऱ्या प्राण्यांवर, आणि आपल्या रानात असे प्राणी भरपूर. समजा, निम्मे फोटो सकाळी ६ च्या आजूबाजूला, निम्मे संध्याकाळी ६ च्या, दोन्हीकडे पसारा एक तासाचा. सगळ्या वेळांचं मिळून प्रमाण विचलन सहा तासांच्या वर जातं, कारण ते दोन शिखरांमधलं अंतर मोजतं. ३२ फोटोंवर बँडविड्थ निघते पावणेतीन तासांच्या जवळ. परिणाम? शिखरांची उंची तिसऱ्या हिश्शावर येते, आणि भर दुपारी बारा वाजता, जेव्हा एकही फोटो नाही, तेव्हा वक्र शिखराच्या चौथ्या हिश्शाएवढा वर उभा असतो. ज्या प्राण्याने दुपारी सावली सोडली नाही, त्याला सॉफ्टवेअरने उन्हात फिरवलं. मग दुपारी फिरणाऱ्या कुठल्याही प्राण्याशी त्याचं 'सामाईक क्षेत्रफळ' निघणारच.

दुसरी गोष्ट याहून वाईट, कारण इथे मताचा प्रश्नच नाही. चूक सरळ चूक आहे आणि तरीही सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही.

आरमधलं डेन्सिटी हे फंक्शन वापरून हाताने सामाईक क्षेत्रफळ काढणारे पुष्कळ आहेत. पहिल्या प्राण्याच्या वेळा दिल्या की ते ५१२ बिंदूंवर वक्राची उंची देतं. दुसऱ्याच्या दिल्या की पुन्हा ५१२. मग दोन्ही स्तंभ शेजारीशेजारी ठेवायचे, प्रत्येक ओळीतला लहान आकडा घ्यायचा, बेरीज करायची आणि दोन बिंदूंमधल्या अंतराने गुणायचं. दिसायला निर्दोष. पण हे ५१२ बिंदू कुठून कुठपर्यंत पसरवायचे ते फंक्शन प्रत्येक वेळी नव्याने ठरवतं: सर्वांत लहान वेळेच्या तीन बँडविड्थ अलीकडे सुरू, सर्वांत मोठ्या वेळेच्या तीन बँडविड्थ पलीकडे शेवट. एका प्राण्याचे फोटो दुपारी ४ ते रात्री ११.३० मधले असतील आणि बँडविड्थ ५४ मिनिटं, तर त्याचे बिंदू १३.१८ ला सुरू होऊन २६.१२ ला संपतात. (होय, सव्वीस वाजून बारा मिनिटं. ही वेळ कुठल्या घड्याळात वाजते ते विचारायचं नाही.) आता दुसरा प्राणी असा घ्या, की त्याची प्रत्येक वेळ पहिल्याच्या बरोबर बारा तास आधीची, म्हणजे पहाटे ४ ते सकाळी ११.३०. त्याचे बिंदू १.१८ ते १४.१२. दोघांची गाठ पडण्याची शक्यताच नाही, सामाईक क्षेत्रफळ जवळजवळ शून्य. पण ओळीओळीने तुलना करणारा दुपारी १३.१८ ची उंची रात्रीच्या १.१८ च्या उंचीशी ताडून पाहतो आहे, आणि दोन्ही वक्रांचा आकार तोच असल्यामुळे उत्तर येतं: एक. पूर्ण सामाईक! लाल अक्षरांत इशारा नाही, एरर नाही. शून्याच्या जागी एक आला आणि यंत्र शांत.

बिंदूंची सुरुवात आणि शेवट, म्हणजे फंक्शनमधलं 'फ्रॉम' आणि 'टू', दोन्ही वेळा एकच दिलं तर हा घोळ मिटतो. पण मग मध्यरात्रीचा प्रश्न उरतो. सरळ रेषेवर काम करणाऱ्या सूत्राला रात्री ११.५९ आणि १२.०१ ही दोन टोकं वाटतात, दोन मिनिटांचं अंतर नव्हे. रात्रीच्या प्राण्याचा वक्र त्यामुळे बरोबर मधोमध चिरला जातो.

"म्हणून तर तयार पॅकेज आहे!" असं आता कुणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. मार्टिन रिडाउट आणि मॅथ्यू लिंकी यांनी २००९ मध्ये सुमात्रातल्या केरिंची सेब्लात राष्ट्रीय उद्यानाच्या कॅमेरा ट्रॅप नोंदींवर याची रीत घालून दिली, आणि आरमधलं 'ओव्हरलॅप' हे पॅकेज त्यावरच उभं आहे. ते वेळ वर्तुळावर धरतं, त्यामुळे मध्यरात्र चिरली जात नाही, आणि दोन्ही वक्र एकाच जाळ्यावर काढतं. हाताने कोड लिहून सव्वीस वाजवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण पॅकेजने आपल्या डोक्यावरचा भार घेतला असं समजणाऱ्याने त्याची माहितीपुस्तिका उघडलेलीच नाही. ते एका सामाईक क्षेत्रफळाचे तीन वेगवेगळे अंदाज देतं आणि लहान नमुन्याला एक, मोठ्याला दुसरा वापरा, तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका, असं सांगतं. निवड तुमची. किती प्रबंधांत ती लिहिलेली असते? माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेकांत नसते.

शिवाय केरिंची विषुववृत्ताला लागून आहे. तिथे सूर्योदयाची वेळ वर्षभरात जेमतेम अर्धा तास हलते, त्यामुळे घड्याळाच्या वेळेवर काम भागतं. विदर्भात तसं नाही. नागपूरला जूनच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातला पाच-सात मिनिटं कमी असताना. प्राणी उजेडावर चालतात, भारतीय प्रमाणवेळेवर नाही. एका प्राण्याचे बहुतेक फोटो उन्हाळ्यातले आणि दुसऱ्याचे हिवाळ्यातले असतील, तर दोघेही सूर्योदयालाच बाहेर पडत असूनही त्यांच्या वक्रांत तासाभराचं अंतर दिसेल. ताडोबा आणि सह्याद्री या दोन व्याघ्र प्रकल्पांचे फोटो एकत्र केले तर रेखांशामुळे वीस मिनिटांहून जास्त फरक आणखी वर. पॅकेजमध्ये घड्याळाची वेळ सूर्याच्या वेळेत बदलायची सोय आहे. पण ती आपण होऊन चालू होत नाही. तुम्ही सांगावं लागतं.

नमुन्याच्या आकाराबद्दल थोडक्यात. एकाच प्राण्याचे फोटो चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटा आणि त्या दोन गटांचं सामाईक क्षेत्रफळ काढा. खरं उत्तर एक. येणारं उत्तर एकापेक्षा कमी, कारण योगायोगाने दोन वक्र कुठे ना कुठे फाकतातच आणि एकाच्या वर जायला जागाच नाही. फोटो जितके कमी तितकं हे उत्तर खाली. म्हणून कमी फोटोंच्या दोन प्राण्यांचं ०.७५ वाचून 'यांनी वेळा वाटून घेतल्या आहेत' असं म्हणणाऱ्याने आधी त्यांच्यातल्या एकाची स्वतःशीच अशी तुलना करून दाखवावी. एवढी साधी परीक्षा, पण ती टाळली जाते, कारण तिच्यानंतर निष्कर्षाच्या प्रकरणात लिहायला फारसं उरत नाही.

आणि समजा हे सगळं चोख केलं, तरी आकडा एकटा काय सांगतो? दोन प्राणी घ्या, दोघांचीही मधली वेळ रात्री ९, पण एकाचा पसारा एक तासाचा आणि दुसऱ्याचा दोन तासांचा. सामाईक क्षेत्रफळ ०.६८. आता दुसरी जोडी घ्या: दोघांचाही पसारा एक तासाचा, पण एक दुसऱ्यापेक्षा ५० मिनिटं उशिरा निघतो. सामाईक क्षेत्रफळ? पुन्हा ०.६८. पहिल्या जोडीत कुणी कुणाला टाळत नाही, एकाची वेळ फक्त सैल आहे. दुसऱ्या जोडीत एक जण खरोखरच मागून येतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने या दोन वेगळ्या कहाण्या आहेत, आणि तक्त्यात त्या एकाच आकड्याखाली, एकाच 'मध्यम' या शेऱ्याखाली बसतात.

इथवरची चर्चा अभ्यासकांच्या आपसातली म्हणून सोडूनही देता आली असती. पण हे माप आता गावात येऊ पाहतं आहे, म्हणून सोडवत नाही. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ऊस आहे, उसात बिबट्या आहे, आणि शेतीपंपाला रात्रीची वीज असली की पाणी द्यायला माणसाला त्याच उसात उतरावं लागतं. दिवसा वीज द्या ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे. तिच्या बाजूने किंवा विरोधात पुरावा म्हणून बिबट्याच्या वेळेचा वक्र आणि वीजपुरवठ्याची वेळ यांचं सामाईक क्षेत्रफळ काढू, असा विचार कुणाच्याही मनात येईल. विचार शास्त्रीय वाटतो, पण तो घातक आहे.

वीज ही वक्राने येत नाही. ती ठरल्या मिनिटाला येते आणि ठरल्या मिनिटाला जाते. तिला गुळगुळीत करणं हाच पहिला मूर्खपणा. पण समजा तो टाळला आणि तिची चौकट जशीच्या तशी धरली. हिशेबासाठी माझ्या मनाने आकडे घेतो: वीज संध्याकाळी ६ ते रात्री २, म्हणजे आठ तास, आणि बिबट्याची सगळी हालचाल संध्याकाळी ७ ते ९ मध्ये. विजेच्या चौकटीची उंची तासाला ०.१२५, कारण तिचंही क्षेत्रफळ एकच असायला हवं. बिबट्याची उंची ०.५. सामाईक भाग: दोन तास गुणिले ०.१२५, म्हणजे ०.२५. कागदावर शेरा पडणार 'ओव्हरलॅप कमी'. आणि वस्तुस्थिती अशी, की बिबट्या जेव्हा जेव्हा हलतो तेव्हा तेव्हा वीज चालू आहे आणि माणूस शेतात आहे. शंभर टक्के!

असं होतं, कारण हे माप दोन्ही बाजूंना सारखंच लेखतं. कोण कुणाच्या वाट्यात किती पडतो, हा प्रश्न त्याला विचारताच येत नाही. शेतकऱ्याचा प्रश्न तर तोच आहे: बिबट्याच्या हालचालीतला किती भाग माझ्या पाण्याच्या पाळीत येतो? त्याचं उत्तर बिबट्याच्या एकट्याच्या वक्राखाली, विजेच्या त्या आठ तासांपुरतं क्षेत्रफळ काढून मिळतं. खरं तर त्या तासांतले फोटो मोजून एकूण फोटोंनी भागलं तरी पुरतं. पॅकेज लागत नाही, बँडविड्थ लागत नाही. शिवाय प्रत्येक वक्राखालचं क्षेत्रफळ मुळातच एक करून घेतलेलं असल्यामुळे, त्या शिवारात बिबटे दोन आहेत की वीस, हे सामाईक क्षेत्रफळाला कळतच नाही. आणि सोमवारी पहाटे एका ओढ्यावर दिसलेला प्राणी आणि पुढच्या शुक्रवारी पहाटे तिथून दहा किलोमीटरवर दिसलेला प्राणी, हे दोघे त्याच्या लेखी 'एकत्र' असतात. वेळ जुळणं म्हणजे गाठ पडणं नव्हे, हे सांगायला संख्याशास्त्र लागू नये.

"इतके बारकावे पाहत बसलो तर काम कधी करायचं?" असंही एक उत्तर मिळतं, बहुधा शोधनिबंध परत आला की. हे बारकावे नाहीत, हेच काम आहे. बटण दाबायला एक सेकंद लागतो. ते दाबण्याआधी काय ठरवलं, त्याची पदवी मिळते.

मार्गदर्शकांना आणि परीक्षकांना माझी विनंती साधी आहे. सामाईक क्षेत्रफळाचा आकडा दिसला, की शेजारी दोन्ही वक्र मागा आणि वक्रांखाली मूळ वेळांचे ठिपके मागा, म्हणजे बारा वाजता रेषा उभी आहे पण ठिपका एकही नाही हे उघड्या डोळ्यांनी दिसेल. आणि सोबत एक ओळ मागा: प्रत्येक प्राण्याचे फोटो किती, एकाच प्राण्याचे लागोपाठचे फोटो किती मिनिटांच्या आतले एक धरले, वेळ घड्याळाची की सूर्याची, बँडविड्थ किती, कुठला अंदाज वापरला आणि त्याचा विश्वास अंतराल काय. एवढं एका ओळीत मावतं. ती ओळ नसेल, तर सही न करता प्रबंध परत पाठवा, आणि त्यातल्या आकड्यावरून कुठल्याही गावाच्या पाण्याच्या पाळीबद्दल एक शब्द बोलू नका.